स्टिकर निघाला, पण चिकटा राहिला! फायबरच्या गाडीवर थिनर मारण्याआधी हे वाचा

शहाड : कल्याण-मुरबाड रस्त्यावर शहाडच्या पुलाजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी एक गोष्ट लगेच लक्षात येते. भाजीचा पिकअप असो, शाळेची व्हॅन असो, स्टेशनची रिक्षा असो की वऱ्हाडाची गाडी असो, बिनस्टिकरची गाडी शोधून सापडत नाही. कुणाच्या केबिनवर देवाचं नाव, कुणाच्या दारावर क्लासची जाहिरात, कुणाच्या पॅनेलवर पैसे घेण्याचा क्यूआर कोड. लग्नसराईत तर बोनेटवर फुलं आणि नावं चिकटवायला सेलोटेपची अख्खी रिळं संपतात.

लावताना दोन मिनिटं लागतात, पंचाईत होते ती काढताना. वरचा कागद किंवा रेडियम फाटत फाटत निघतो आणि खाली चिकट, काळपट थर राहतो. त्यावर धूळ बसते. मग कुणीतरी सांगतं, "थिनर मार, एका हातात साफ!" पत्र्याच्या गाडीवर कंपनीचा भक्कम रंग असेल तर हे कधी कधी निभावून जातं. फायबरच्या बॉडीवर मात्र चिकट्याबरोबर रंगही निघून येतो, चमक जाते, कधी पृष्ठभागच मऊ पडतो. दहा रुपयांच्या स्टिकरपायी आख्खं पॅनेल रंगवायची पाळी येते.

हे टाळता येतं. त्यासाठी महाग वस्तू लागत नाहीत. लागतो थोडा वेळ, आणि कोणत्या वस्तूवर काय चालतं याची माहिती.

आधी ओळखा, फायबर म्हणजे नक्की कोणता?

आपल्याकडे पत्रा नाही त्या सगळ्याला सरसकट 'फायबर' म्हणतात. गॅरेजमध्येही स्कूटरचं पॅनेल फायबर, कारचा बंपर फायबर आणि पिकअपच्या टपावरचा वारा अडवणारा व्हायझरही फायबरच. पण हे सगळं एकाच मालाचं नसतं. औषध लावायचं तर आधी रोग कळायला हवा, तसंच हे आहे.

खरा फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांची चटई, आणि ती रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केलेली. बसचा पुढचा शो, पिकअप-ट्रकच्या केबिनवरचा व्हायझर, जीपचा टणक टप, ट्रॅक्टरची छत्री अशा ठिकाणी तो बऱ्याचदा दिसतो. स्कूटरची पॅनेलं आणि कारचे बंपर मात्र बहुतेक वेळा साध्या प्लास्टिकचे असतात. हेडलाइटची काच वाटते तीही आजकाल काच नसून पारदर्शक प्लास्टिकच असते.

ओळखायचं कसं? घरच्या घरी तीन तपासण्या करता येतात.

१. लोहचुंबक लावा. चिकटला तर खाली पत्रा आहे. नाही चिकटला तर पुढची तपासणी करा.

२. पॅनेलच्या मागे हात घाला किंवा मोबाइलची बॅटरी मारून पाहा. मागची बाजू खरबरीत असेल आणि त्यात धाग्यांची जाळी किंवा चटई दिसत असेल, तर तो फायबरग्लास.

३. मागची बाजू गुळगुळीत असेल आणि कुठेतरी इंग्रजीत पीपी किंवा एबीएस अशी अक्षरं उमटलेली असतील, तर ते प्लास्टिक.

हा फरक नुसता नावाचा नाही. एबीएस प्लास्टिकवर थिनर किंवा ॲसिटोन पडलं तर ते अक्षरशः विरघळायला लागतं. हेडलाइटच्या पारदर्शक प्लास्टिकला थिनर लागलं की त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि ते धुरकट होतं. फायबरग्लास त्या मानाने दणकट असतो, पण त्याचंही एक दुखणं आहे.

फायबरग्लासचं दुखणं कुठे आहे?

फायबरग्लासच्या गाड्या ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने १९५३ मध्ये कॉर्व्हेट ही गाडी फायबरग्लासच्या बॉडीची काढली. आपल्या देशात बेंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ही छोटी गाडी १९८०च्या दशकात रस्त्यावर होती, तिची बॉडीही फायबरग्लासचीच. हा माल गंजत नाही, वजनाला हलका असतो आणि हवा तसा आकार घेतो, म्हणून तो वापरला जातो.

पण या मालाची ताकद आत असते, वर नसते. काचेचे धागे आतल्या थरात असतात. आपल्याला जो गुळगुळीत, चमकदार भाग दिसतो तो रेझिनचा एक पातळ थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे चार-पाच कागद एकावर एक ठेवले तर होते तेवढीच. काही पॅनेलवर जेलकोटमध्येच रंग मिसळलेला असतो, तर काहींवर वरून वेगळा रंग मारलेला असतो.

हा पातळ थर आतल्या धाग्यांना पाणी आणि उन्हापासून वाचवतो. तो घासून गेला किंवा त्याला बारीक भेगा पडल्या, की पावसाचं पाणी आत झिरपायला लागतं. धागे उघडे पडतात, हात लावला की खाज सुटते आणि पॅनेल हळूहळू कमकुवत होतं. चिकटा काढताना जपायचं असतं ते याच थराला.

रस्त्याकडेला स्वस्तात रंगवून घेतलेल्या पॅनेलचा धोका आणखी मोठा. तिथे बऱ्याचदा लवकर वाळणारा साधा रंग वापरतात. तो रंग थिनरमध्येच कालवलेला असतो आणि थिनर उडून गेलं की वाळतो. त्यावर पुन्हा थिनरचं फडकं फिरवलं तर रंग परत पातळ होऊन फडक्यावर येणारच.

जुना स्टिकर एवढा का चिवटतो?

नवा स्टिकर आठवडाभरात काढला तर सहसा सलग निघतो. दोन-तीन उन्हाळे खाल्लेला स्टिकर मात्र पापडासारखा तुटतो. कारण रेडियमच्या प्लास्टिकला लवचिक ठेवणारा अंश उन्हाने उडून जातो आणि ते कडक होतं. खालचा डिंकही उन्हाने बदलतो. काही डिंक पातळ होऊन पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो, काही वाळून कडक होतो. फायबरचा पृष्ठभाग जुना आणि निस्तेज झालेला असेल तर त्यात अशा खाचा जास्त असतात, म्हणून चिकटा तिथे अधिक पकड घेतो.

चिकट्यावर चार उपाय चालतात : ऊब, तेल, सौम्य स्पिरिट आणि हलक्या हाताने खरवडणं. क्रमही हाच ठेवायचा. पहिल्याने काम झालं तर दुसऱ्याकडे जायचं नाही.

काढायचं कसं? पायरी पायरीने

पायरी पहिली : धुऊन घ्या. गाडी सावलीत लावा, पॅनेल थंड होऊ द्या. शाम्पू किंवा भांड्यांचं पातळ साबण पाण्यात घालून तो भाग नीट धुवा आणि पुसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मुरबाड रस्त्याची धूळ पॅनेलवर तशीच ठेवून फडकं घासलं तर ती धूळ पॉलिशपेपरचं काम करते.

पायरी दुसरी : ऊब द्या. गरम पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून स्टिकरवर पाच मिनिटं दाबून ठेवा. घरात केस वाळवायचा ड्रायर असेल तर तो वीतभर अंतरावरून सतत हलवत फिरवा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. पत्रा उष्णता चारी बाजूंना पसरवतो, फायबर पसरवत नाही. त्यामुळे एकाच जागी उष्णता साठते आणि रेझिन मऊ पडू शकतं. पॅनेलवर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे, इतकीच ऊब पुरे. गॅरेजमधली हॉट गन कित्येक पट जास्त तापते. ती फायबरवर वापरू नये. लायटर किंवा मेणबत्ती तर मुळीच नको.

पायरी तिसरी : स्टिकर ओढा, पण सरळ बाहेर नाही. एक कोपरा नखाने सोडवा आणि स्टिकर स्वतःवरच मागे दुमडून, पॅनेलला लागून सावकाश ओढत न्या. झटका दिला की तो फाटतो आणि डिंक मागे राहतो. अडला की पुन्हा ऊब द्या.

पायरी चौथी : तेल लावा. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल किंवा खायचं कुठलंही तेल चोळा आणि वीस-पंचवीस मिनिटं तसंच राहू द्या. तेल डिंकात मुरतं, डिंक फुगतो आणि त्याची पकड सुटते. मग जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी आडवी धरून हलक्या हाताने सरकवा. बोटाने चोळलं तरी चिकट्याच्या वळ्या होऊन निघतात. एकदा नाही जमलं तर पुन्हा तेल लावा. घाई नको.

पायरी पाचवी : तरीही राहिलं तर स्पिरिट. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, यातलं एक घ्या. बाटली थेट पॅनेलवर ओतू नका. मऊ सुती फडक्याच्या टोकाला थोडं लावा आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासून पाहा. फडक्यावर रंग आला किंवा जागा चिकट वाटली तर तिथेच थांबा. काहीच झालं नाही तरच पुढे जा, आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्या.

पायरी सहावी : पुन्हा धुवा. तेलाचा अंश राहिला तर त्यावर धूळ बसते, आणि नवा रंग किंवा स्टिकर तिथे धरत नाही. साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन कोरडं पुसा.

कोणत्या चिकट्याला काय चालतं?

कागदी पोस्टर, खळ किंवा गोंद : नुसतं कोमट पाणी पुरतं. ओलं फडकं अर्धा तास ठेवा, कागद लगद्यासारखा निघतो. तेल-स्पिरिटची गरजच नाही.

सेलोटेप आणि खाकी टेप : ऊब आणि तेल. लग्नाच्या गाडीवरची टेप त्याच दिवशी संध्याकाळी काढली तर नुसत्या हातानेही निघते. आठवडाभर उन्हात राहिली तर तासभर जातो.

रेडियमची अक्षरं : ऊब, मग तेल, गरज पडली तर स्पिरिट. अक्षरं एकेक करून काढा, सगळी एकदम खरवडू नका.

जाड स्पंजची डबल टेप : लोगो, पट्ट्या बऱ्याचदा याच टेपवर बसवलेल्या असतात. पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, फायबरचा टवका उडतो. मासे धरायच्या गळाची तंगूस घ्या, दोन टोकं दोन हातांत धरून करवतीसारखी टेपच्या मधून ओढा. वस्तू वेगळी झाली की उरलेला स्पंज तेलाने काढा.

फेविक्विकसारखा झटपट गोंद आणि एम-सीलसारखा लांबी : इथे घरगुती उपाय थांबवलेले बरे. हे डिंक वाळून दगडासारखे होतात आणि त्यांना सोडवणारी रसायनं रंगाला आणि जेलकोटलाही सोडत नाहीत. हे काम फायबरचं काम करणाऱ्या कारागिराकडे द्यावं.

हे मात्र करू नका

एनसी थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर : फायबरचं काम करणारे कारागीर ॲसिटोन वापरतात हे खरं. पण ते बहुतेक वेळा रंगाआधीच्या कोऱ्या पृष्ठभागावर, एक हात फिरवण्यापुरतं. रंगवलेल्या किंवा जुन्या भेगाळलेल्या पॅनेलवर ते चोळत बसलं तर रंग निघतो आणि भेगांतून आत मुरतं.

रंग काढायचं रिमूव्हर : हे रंगापुरतं थांबत नाही, खालच्या रेझिनवरही चढतं. पत्र्यासाठीचं रिमूव्हर फायबरला लावायचं नाही.

पेट्रोल : चिकटा निघतो म्हणून अनेकजण वापरतात. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. घराच्या ओट्यावर, चुलीजवळ किंवा चार्जिंगला लावलेल्या ई-रिक्षाजवळ पेट्रोलचं फडकं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

ब्लेड, तारेची घासणी, पॉलिशपेपर : अर्धा मिलिमीटरचा थर संपायला वेळ लागत नाही. एकदा धागे दिसले की ते काम पुसण्याने भागत नाही, दुरुस्तीच लागते. फायबर घासताना उडणारी पूड त्वचेला, डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास देते. लहान मुलं आजूबाजूला असताना तर हे काम नकोच.

थिनर आधीच मारून झालं असेल तर?

घाबरून आणखी घासू नका, नुकसान तिथेच वाढतं. कोरड्या फडक्याने वरचं थिनर टिपून घ्या, पुसू नका. जागा चिकट लागत असेल तर हात न लावता सावलीत एक दिवस वाळू द्या. थिनर उडून गेल्यावर मऊ पडलेला थर बऱ्याचदा पुन्हा कडक होतो. नंतर साबणाच्या पाण्याने धुवा. नुसती चमक गेली असेल तर पॉलिशने बरीचशी परत येते. रंगच उतरला असेल किंवा सुरकुत्या पडल्या असतील तर रंगाऱ्याकडे जाण्याशिवाय इलाज नाही. त्याला थिनर मारल्याचं आधीच सांगा, म्हणजे तो तो भाग नीट वाळवून मगच अस्तर मारेल.

चिकटा गेला, तरी अक्षरं दिसतातच?

असं बऱ्याच गाड्यांवर होतं. स्टिकर निघतो, चिकटा निघतो, पण नाव तसंच वाचता येतं. मग माणूस पुन्हा घासायला घेतो. इथे थांबायचं. हा चिकटा नाही. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचला आणि बाजूचा रंग उन्हाने फिका झाला, त्याचा हा फरक आहे. तो कितीही पुसला तरी जाणार नाही.

त्याला उपाय एकच, बाजूचा फिका थर हलकासा उजळणं. बारीक रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन आजूबाजूच्या भागावर हाताने गोल फिरवा, मग वॅक्स पॉलिश लावा. मशीन वापरायचं असेल तर सवयीच्या माणसानेच वापरावं, कारण कडेला आणि उंचवट्यावर थर पटकन घासला जातो. फरक पूर्ण गेला नाही तरी दोन हात पॉलिशनंतर तो नजरेत येत नाही.

हात, नाक आणि नदीही जपा

स्पिरिट किंवा टर्पेंटाइन वापरताना मोकळ्या हवेत काम करा, हातात रबरी मोजे घाला आणि जवळ विडी-सिगारेट नको. तेल-टर्पेंटाइनने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. काही तेलं हवेत वाळताना तापतात आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती दोरीवर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.

उरलेलं थिनर किंवा टर्पेंटाइन गटारात ओतणं तर कटाक्षाने टाळा. इथली गटारं आणि नाले उल्हास आणि वालधुनी या नद्यांना जाऊन मिळतात. वालधुनीत रसायन सोडल्यामुळे २०१४ मध्ये उल्हासनगरच्या अनेक रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात जावं लागलं होतं. एका बाटलीने तेवढं होत नाही. पण उल्हासचं पाणी पिण्यासाठी उचललं जातं हे विसरून चालणार नाही. उरलेलं द्रव झाकणबंद बाटलीत ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरता येतं.

हे स्टिकर काढू नका

साफसफाईच्या नादात सगळंच काढू नका. मालवाहू आणि प्रवासी गाड्यांवरची लाल, पांढरी, पिवळी चमकणारी पट्टी नियमानुसार लागते. रात्री माळशेज घाटाच्या रस्त्यावर बंद पडलेला पिकअप मागच्या गाडीला त्या पट्टीमुळेच दिसतो. पासिंगच्या वेळीही ती पाहिली जाते. पट्टी जुनी होऊन निघत असेल तर जुनी काढून लगेच नवी लावा. समोरच्या काचेवरचा नोंदणीचा रंगीत स्टिकर आणि फास्टॅगही विनाकारण उचकटू नका. फास्टॅग एकदा काढला की तो दुसरीकडे लावून चालत नाही.

पुढच्या वेळी लावतानाच काळजी घ्या

स्टिकर लावायच्या आधी पॅनेल धुऊन त्यावर वॅक्स पॉलिशचा एक हात दिला, तर पुढे काढताना निम्मे कष्ट वाचतात. कायमचं नाव नको असेल तर रेडियमच्या दुकानात तसं आधीच सांगा, कमी पकडीचं रेडियमही मिळतं. लग्नाच्या गाडीला फुलं लावायची तर टेपऐवजी दोरी किंवा रिबीन बांधा. आणि तात्पुरता स्टिकर काम झाल्याबरोबर काढा. उन्हाळा उलटू दिला की तो पाहुणा राहत नाही.

थोडक्यात

- आधी चुंबक लावा आणि मागची बाजू पाहा : पत्रा, प्लास्टिक की फायबरग्लास ते ठरवा.
- क्रम पाळा : धुणं, ऊब, तेल, शेवटी स्पिरिट.
- तळहाताला सोसेल इतकीच ऊब द्या.
- कोणतंही द्रव आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासून पाहा.
- थिनर, पेट्रोल, ब्लेड आणि हॉट गन लांब ठेवा.
- चिकटा गेल्यावरही अक्षरं दिसत असतील तर घासणं थांबवा, पॉलिश करा.
- चमकणारी सुरक्षा पट्टी काढू नका.